हे काय, इथंच आहे

साताऱ्याहून कन्याकुमारीला सायकलनं जायचं ठरवलंय, हे घरी सांगितलं तेव्हा आजी सोप्यात बसून शेंगा फोडत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. बाबांनी मात्र पेपर घडी करून बाजूला ठेवला. पेपर घडी झाला की प्रकरण गंभीर, हे आमच्या घरात लहानपणापासून ठरलेलं आहे.

आम्ही तिघं होतो. मी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ताई, म्हणजे माझी आतेबहीण, नुकतीच नोकरीला लागलेली. आणि चुलतभाऊ, ज्याला सहा फूट उंची होऊनही घरात अजून बारक्या म्हणतात. परवानगी सहज मिळणार नाही हे माहीत असल्यानं आम्ही दाखले गोळा करून गेलो होतो.

पहिला दाखला ताईनं काढला. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, वयाच्या विशीत, सायकलवरून जगाला फेरी मारून आली. २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस.

"तीच ना, जिला स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं?" बाबा म्हणाले.

मग बारक्यानं १९२३ सालची मुंबईची पारशी पोरं काढली. ऑक्टोबरात निघाली, साडेचार वर्षांनी परत आली, ७१ हजार किलोमीटर सायकल मारून. त्या काळात, वाळवंटातून, जंगलातून.

"निघाले किती होते?"

"सहा."

"आणि पुरी फेरी मारून आले किती?"

बारक्या गप्प. तीन आले होते.

शेवटी आजोबाच आमच्या मदतीला धावले. म्हणाले, अरे, धोंडो केशव कर्वे १८७५ मध्ये कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला चालत आले होते, परीक्षा द्यायला. सतरा वर्षांचं पोरगं, भर पावसात, शंभरावर मैल, घाट चढून. आणि आपली पोरं डांबरी रस्त्यानं सायकलवर जातायत, तर एवढं काय?

तेव्हा आजी पहिल्यांदा बोलली. "आणि एवढं चालून आल्यावर परीक्षेला बसू दिलं का, ते सांगा की."

दिलं नव्हतं. सतराचे दिसत नाहीत म्हणून परत पाठवलं होतं.

तर अशा प्रत्येक गोष्टीला दुसरा अर्धा भाग असतो आणि तो आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना पाठ असतो. तरीही परवानगी मिळाली. बहुधा आजोबांचा शब्द खाली पडू नये म्हणून. अटी तीन: अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही, रोज संध्याकाळी फोन करायचा, आणि "कुठंही अडलं तर विचारायचं, शहाणपणा करायचा नाही." ही तिसरी अट बाबांनी बारक्याकडे बघून सांगितली. तेव्हा आम्हाला ती सगळ्यात सोपी वाटली होती.

सप्टेंबर ते डिसेंबर तयारी केली. साताऱ्यात राहणाऱ्याला सरावासाठी लांब जावं लागत नाही. घराबाहेर पडलं की यवतेश्वरचा घाट. आठवड्यातून चार सकाळी तो चढायचा, रविवारी कास नाहीतर वाईवरून पसरणी घाटानं पाचगणी. पहिल्या महिन्यात मी यवतेश्वरच्या निम्म्यात उतरून सायकल ढकलायची आणि समोरून चालायला येणारे काका लोक "शाबास, शाबास" म्हणायचे, ते ऐकून जास्त लाज वाटायची. नोव्हेंबरात सामानासकट सराव सुरू केला. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत पाच-पाच किलो ज्वारी भरून घाट चढायचा. रिकाम्या आणि लादलेल्या सायकलीतला फरक पायाला कळतो त्याच्या आधी हँडलला कळतो. चढावर पुढचं चाक उचलल्यासारखं हलकं होतं आणि सायकल दारू प्यायल्यासारखी डुलते. यातून एक धडा घ्यायला हवा होता, सगळं वजन मागे टाकू नये हा. तो आम्ही घेतला नाही. त्याची किंमत पुढे कुमट्याजवळ मोजली.

पंक्चर काढणं, चेन बसवणं, ब्रेकची तार आवळणं हे राजवाड्याजवळच्या एका सायकलवाल्या चाचांकडे तीन रविवार बसून शिकलो. चाचा एकच गोष्ट सारखी सांगायचे: ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. काटा आतच राहतो आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते. बारक्यानं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उंब्रजच्या पुढे लागोपाठ दोन ट्यूबा घालवल्या.

रस्ता असा ठरवला होता: सातारा, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर, आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली खाली कन्याकुमारीपर्यंत. अंदाजे सोळाशे किलोमीटर, २२ दिवस. माणशी रोज पाचशे रुपयांत बसवायचं. बंगळूरवरून गेलो असतो तर हमरस्ता सरळ होता, पण ताईनं नकाशावर किनाऱ्याची रेघ बोटानं ओढली आणि म्हणाली, "समुद्राच्या कडेनं म्हणजे सपाटच असणार."

यापेक्षा चुकीचं वाक्य त्या प्रवासात कुणी बोललं नाही.

कुंभार्ली घाट दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. थंडी, धुकं, बोटं ब्रेकवर आखडलेली. वर देशावर कोरडी हवा होती, खाली उतरत गेलो तसा अंगाला दमटपणा चिकटायला लागला. वळणावर थांबून खाली बघताना कर्वे आठवले. ते ज्या डोंगररांगेची चढण चढून आमच्या गावाला आले, तीच आम्ही उतरत होतो, आणि उतरतानासुद्धा आमची मनगटं दुखत होती.

कोकण किनारा सपाट का नाही, हे गुहागर सोडल्यावर कळतं. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी जांभ्याचं पठार कापत समुद्राला मिळते. त्या पठाराला तिकडे सडा म्हणतात. रस्ता सड्यावरून चालतो, मग खाडी आली की थेट पाण्याच्या पातळीला उतरतो, पूल किंवा फेरीबोट, आणि पलीकडे पुन्हा तेवढाच चढ. पाच-सात किलोमीटर सड्यावर गेलं की पुढची खाडी तयार. तवसाळला फेरीबोटीनं जयगडची खाडी ओलांडली तेव्हा बोटीवर दहा मिनिटं बसायला मिळालं म्हणून आम्हाला कोण आनंद. पलीकडे उतरलो आणि समोर भिंतीसारखा चढ. रत्नागिरी ते मालवण आम्हाला तीन दिवस लागले. त्यातल्या एका दिवशी ७० किलोमीटरमध्ये हजार मीटरच्या वर चढ झाला होता. समुद्र मधूनमधून दिसायचा, खाली, लांब, निळा, आणि आम्हाला काडीमात्र उपयोग नसलेला.

आणि याच टापूत विचारण्याची पहिली शिकवणी झाली.

राजापूर तालुक्यात एका संध्याकाळी बारक्याच्या फोननं खाडीपलीकडचं गाव चार किलोमीटरवर दाखवलं. वाटेत एक म्हातारे गृहस्थ गवताचा भारा घेऊन चालले होते. मी म्हटलं, विचारूया. बारक्या म्हणाला, फोन दाखवतोय की. उतार मोठा सुंदर होता, आंबा-काजूच्या बागांतून. खाली पोचलो तर रस्ता थेट पाण्यात गेलेला. काठावर एक जुनी होडी पालथी टाकलेली, तिच्यावर गवत उगवलेलं.

जाळं विणत बसलेल्या एका दादांनी सांगितलं की इथली तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, बंद होऊन वर्षं झाली. वर पूल झाला ना. कुठे वर? तर आम्ही आलो तो अख्खा चढ परत चढून, वळसा घालून बारा किलोमीटर. सूर्य खाडीत टेकला होता. अट क्रमांक एक.

ताई काही न बोलता जवळच्या घराच्या पायरीशी गेली. तिला विचारता येतं. मला येत नव्हतं. हातात फोन आल्यापासून मी कुणाला पत्तासुद्धा विचारला नव्हता. जेवण, रिक्षा, रस्ता सगळं फोनवर. अनोळखी घराच्या दारात उभं राहून "आम्हाला आज रात्री इथं झोपू द्याल का" असं म्हणणं मला भीक मागण्यासारखं वाटत होतं. घरातल्या मावशींनी ताईचं बोलणं पुरतं होऊसुद्धा दिलं नाही. "आता रातीचं कुटं जाताव? चला वर."

पडवीत झोपलो. रात्री कुळथाची पिठी आणि भात. मावशींचा मुलगा मुंबईला, सून मुंबईला, नातू आमच्या वयाचा. जेवताना त्यांनी विचारलं, एवढी सायकल चालवून मिळतं काय? बारक्या म्हणाला, काही नाही. "मग बरं," मावशी म्हणाल्या, "मिळत असतं तर कुणाचं तरी ऐकावं लागलं असतं." सकाळी निघताना मी पैसे पुढे केले तर त्या खरोखर रागावल्या. ताईनं माझा हात मागे ओढला आणि त्यांना वाकून नमस्कार केला. मी पण केला, उशिरा.

त्या दिवसापासून मी विचारायला लागले. आणि विचारायला लागल्यावर कळलं की अंतर ही वस्तू प्रत्येकाकडे वेगळी असते. मोटारसायकलवाला म्हणतो, "हे काय, पाच मिनिटं." ती त्याची पाच मिनिटं, आमचा अर्धा तास. रिक्षावाला किलोमीटर बरोबर सांगतो पण चढ सांगत नाही, कारण तो त्याला लागत नाही. देवगडच्या पुढे एका तरुणानं "हयसरच तर आसा", म्हणजे इथंच तर आहे, म्हणून हात केला, ते हयसर नऊ किलोमीटर निघालं. सगळ्यात अचूक उत्तर मिळालं ते डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालणाऱ्या एका बाईंकडून. त्यांनी किलोमीटर सांगितलेच नाहीत. म्हणाल्या, दोन चढ, एक उतार, मग वडाचं झाड. दोन चढ, एक उतार, वडाचं झाड. जसंच्या तसं. पुढे आम्ही विचारायचंच असं: चढ किती आहेत? आणि शक्यतो पायी चालणाऱ्या माणसाला.

मुलींसाठी विचारण्याचं आणखी एक खातं असतं. सायकल प्रवासाच्या वर्णनांत पोरं ते लिहीत नाहीत कारण त्यांना रस्त्याची कुठलीही कड चालते. आम्हा दोघींचा निम्मा दिवस संडास कुठे मिळेल या हिशेबात जायचा. सकाळी पाणी कमी प्यावं तर दुपारी डोकं दुखतं, भरपूर प्यावं तर पुढचं गाव येईपर्यंत जीव टांगणीला. ताईची पद्धत अशी: घराबाहेर बाईमाणूस दिसलं की थांबायचं, आधी पिण्याचं पाणी मागायचं, दोन वाक्यं बोलायची, मग हळूच विचारायचं. २२ दिवसांत एकदाही कुणी नाही म्हटलं नाही. पण प्रत्येक ठिकाणी पाव तास गप्पा. बाहेर बारक्या घड्याळ बघत उभा. माझी पाळी मुरुडेश्वरच्या अलीकडे आली. एक दिवस तिथं थांबलो, शंकराच्या त्या १२३ फुटी मूर्तीच्या सावलीत पाय पसरून. बारक्याला सरळ सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला, आणि मग न सांगता दुकान शोधून सगळं घेऊन आला. चुकीचं आणलं, पण आणलं.

हे जरा पुढचं झालं. त्याआधी गोवा. तेरेखोलच्या किल्ल्याखालून फेरीबोट केरीला जाते, आम्हाला तिकिटाचं कुणी विचारलं नाही. गोव्यात दोन दिवसांत फारसं काही घडलं नाही, फक्त पणजीत ताईनं हट्टानं अर्धा दिवस झोप काढली. कारवारच्या अलीकडे काळी नदी ओलांडली तेव्हा जुना आणि नवा असे दोन पूल शेजारी शेजारी होते. त्यातला जुना २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका मध्यरात्री कोसळला. ती बातमी वाचून आम्ही तिघांनी एकमेकांना फोन केले आणि काय बोलावं ते कुणालाच सुचलं नाही.

कुमट्याच्या जवळ बारक्याच्या मागच्या चाकातून "टंग" असा आवाज आला. आरा तुटला होता, आणि तोही गिअरच्या बाजूचा. सायकलवाल्यांना यातला त्रास लगेच कळेल. जास्तीचे आरे आमच्याकडे होते, पण त्या बाजूचा आरा घालायचा तर आधी गिअरचा गठ्ठा चाकापासून काढावा लागतो, आणि तो काढायचा पाना आम्ही साताऱ्यातच ठेवला होता, वजन होतं म्हणून. वजन होतं म्हणून! आणि बॅगेत तीन जीन्स होत्या. एक आरा गेला की बाकीच्यांवर ताण येतो, चाक वाकडं होतं, ब्रेकला घासतं, मग दुसरा जातो. सायकली ढकलत चार किलोमीटर चाललो.

रस्त्याकडेला पत्र्याच्या टपरीत एक आजोबा सायकली दुरुस्त करत होते. मी हातवारे करून दाखवायला लागले तर ते म्हणाले, "कितें जालें?" कोंकणी! मला त्या क्षणी ती मराठीच वाटली. त्यांच्याकडेही तो पाना नव्हता. साध्या सायकलीचा होता, तो बसेना. त्यांनी थोडा वेळ चाक मांडीवर घेऊन नुसतं फिरवलं. मग आमच्याकडचा नवा आरा घेतला, त्याचं डोक्याकडचं टोक तोडलं, आणि पकडीत धरून तिथं दोन काटकोन दिले, आकड्यासारखे. तो आकडा गिअरच्या मागच्या फटीतून सरकवून हबच्या भोकात अडकवला. काहीही न काढता. मग आरे एकेक करून आवळत, रिमशेजारी अंगठ्याचं नख धरून ते चाक फिरवत राहिले. नखाला लागलं की थांबायचे, पाव फेरा आवळायचे, पुन्हा फिरवायचे. पाऊण तास. चाळीस रुपये घेतले. तो आकडा कन्याकुमारीपर्यंत तसाच राहिला आणि पुढचे दोन महिने साताऱ्यातही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन साडेसहा किलोचं पार्सल घरी पाठवलं. त्यात तीन जीन्स, एक हेअर ड्रायर (कुणाचा ते सांगणार नाही), दोन जाड पुस्तकं आणि ज्यात आम्ही एकदाही झोपलो नाही तो तंबू होता. उरलेल्या सामानातलं निम्मं पुढच्या हँडलवर बांधलं. सायकल डुलायची थांबली.

कुंदापूरच्या अलीकडे मरवंतेला रस्त्याच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला नदी, मध्ये फक्त आपण. तिथं मात्र रस्ता खरोखर सपाट आहे. दुपारी वायव्येचा वारा पाठीत बसायचा आणि पायडल न मारता सायकल पळायची. उडुपीकडचे नीर डोसे, मंगळूरचे गोड बन्स, आणि दर दहा किलोमीटरला "एल्लिंदा?" म्हणजे कुठून आलात. आम्ही "एष्टु दूर?" शिकलो होतो. दूर हा शब्द साताऱ्यापासून बरोबर आला. मराठीत दूर, कानडीत दूर, तलपाडीची हद्द ओलांडून केरळात गेलो तर तिथं दूरम. "एत्र दूरम?" विचारलं की उत्तर कळायचं नाही, पण हाताची दिशा आणि चेहरा कळायचा. चेहऱ्यावर कीव दिसली की समजायचं लांब आहे.

केरळात गाव संपत नाही. घराला लागून घर, दुकानाला लागून दुकान, मशीद, चर्च, देऊळ, शाळा, पुन्हा घर. आपण ज्याला दोन गावांमधलं माळरान म्हणतो ते किनारपट्टीवर नाहीच. महामार्ग रुंद करायचं काम सगळीकडे चालू होतं. अर्धा रस्ता खणलेला, धूळ, ट्रक, आणि पिवळ्या जाकिटातली माणसं हात दाखवून आम्हाला कुठल्या तरी मातीच्या पट्टीवर ढकलायची. दोन दिवसांत वैतागून आम्ही आतले किनाऱ्याचे रस्ते धरले. मासळी वाळत घातलेली, शाळकरी पोरं आमच्या बरोबरीनं शर्यत लावणारी. खानावळीत पहिल्यांदा गुलाबी कोमट पाणी समोर आलं तेव्हा ताईला ते सरबत वाटलं आणि तिनं साखर मागितली. एका झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पिण्याचं पाणी असतं ते.

कोझिकोड मागे टाकून दोन दिवस झाले होते. एका गावाच्या बाजारात, सोनारांच्या गल्लीत, मी सायकल हातात धरून चालत होते आणि मागून आवाज आला, "आरं, त्यो गॅस बंद कर की!"

माझे पाय थांबलेच. छोटंसं दुकान, आत भट्टी, मूस, काळवंडलेल्या भिंती. गलाईवाले. आमच्याकडे खटाव, खानापूर, आटपाडी भागातल्या प्रत्येक गावातून माणसं सोन्या-चांदीच्या गलाईला देशभर गेलेली आहेत. जुने दागिने आटवून शुद्ध सोनं काढायचं, सोनारांच्या दुकानातली माती झाडून नेऊन तिच्यातलं कणभर सोनं वेगळं करायचं. हे मी ऐकून होते. दिवाळीला गावात मोठाल्या गाड्या येतात त्या गलाईवाल्यांच्या, एवढंच डोक्यात. दुकानाच्या दारात जाऊन म्हटलं, "काका, आम्ही सातारचे."

काका पन्नाशीचे असतील. त्यांनी आधी सायकलींकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि पहिला प्रश्न: "जेवलाय का?"

वर माडीवर काकूंनी भाकरी थापली. ज्वारीची. पीठ गावाहून येतं म्हणाल्या. पिठलं, लसणाची चटणी, कांदा फोडून. बारक्यानं पाच खाल्ल्या आणि सहाव्या वेळी नुसतंच ताटाकडे बघत बसला, तेव्हा काकूंनी न विचारता वाढली. त्यांची मुलं आपसात मल्याळममध्ये भांडत होती आणि आईशी माणदेशी मराठीत.

काकांनी विचारलं, "किती दिस लागले?"

"सतरा."

ते हसले. म्हणाले, मला दोन दिवस लागले होते, रेल्वेनं. चौदा वर्षांचा होतो. दुष्काळात बापानं मामाबरोबर लावून दिलं. कुठं जायचंय ते पण धड माहिती नव्हतं. तिकिटावर नाव होतं ते वाचता येईना. "पर परत जायाला अकरा वर्षं लागली." हे त्यांनी रडगाणं म्हणून नाही सांगितलं. भाव काय चाललाय सांगावा तसं सांगितलं, आणि बारक्याला ताकाचा दुसरा पेला दिला.

निघताना त्यांनी आमचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, आणि पुढच्या तीन गावांतल्या तीन गलाईवाल्यांचे नंबर दिले. त्यातल्या दोघांकडे आम्ही गेलो. एकानं तर रस्त्यावर उभं राहून आमची वाट बघितली होती. मी घरी फोन करून बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आपल्या भावकीतला एकजण असाच कोइम्बतूरला गेला होता, त्याचं पुढे काय झालं कुणाला माहीत नाही. ही गोष्ट मला एकवीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती.

पुढचा रस्ता मी थोडक्यात सांगते, कारण शेवटी शेवटी आम्ही बघणं थांबवलं होतं, नुसते चालवत होतो. वायपीनहून फोर्ट कोचीला बोटीनं पलीकडे. आलप्पुळा, कोल्लम, वर्कला. तिरुवनंतपुरमच्या आधी पुन्हा चढ-उतार सुरू झाले तेव्हा ताई रस्त्याच्या कडेला बसून पाच मिनिटं रडली, मग केळ्याची भजी खाऊन उठली. बसायची जागा एव्हाना अशी झाली होती की लॉजवर जेवताना आम्ही तिघंही उभे. तमिळनाडूत शिरल्यावर नागरकोईलकडे डोंगर डाव्या हाताला आले. सह्याद्रीचंच शेपूट ते. कुंभार्लीला उतरलो होतो तो डोंगर आमच्याबरोबर एवढ्या लांब आला होता.

२२ व्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला कन्याकुमारी. मला वाटलं होतं काहीतरी होईल. समोर पाणी, त्यात विवेकानंद शिलास्मारक, शेजारी तिरुवल्लुवरांचा पुतळा, शंखांची दुकानं, गर्दी. बारक्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि विचारलं, "आता?" पुढे रस्ताच नव्हता. विचारायला काही उरलं नव्हतं. ते स्मारक उभारण्यामागे एकनाथ रानडे हे मराठी माणूस होते, १९७० मध्ये ते पुरं झालं, हे मी ताईला सांगत होते तर ती बसल्या जागी झोपली होती.

शेजारी महाराष्ट्रातून आलेली सहलीची बस रिकामी होत होती. एक काकू आमच्याकडे बघून म्हणाल्या, "कुठून आलात गं?"

"साताऱ्याहून. सायकलनं."

"अगं बाई. आणि गाडी कुठं लावली?"

परतीला सायकली पार्सलमध्ये टाकून कन्याकुमारी-पुणे एक्सप्रेस धरली. पार्सल ऑफिसात हवा सोडा, पायडल काढा, नाव लिहा, यात तीन तास गेले. २२ दिवसांचा रस्ता रेल्वेनं दीड दिवसात गुंडाळला, आणि तोही केरळ सोडल्यावर दुसऱ्याच बाजूनं, सोलापूरवरून. तिथून पुढे खिडकीतून आमचं ओळखीचं काहीच दिसलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आजोबांनी गल्लीतल्या चार माणसांना बोलावून ठेवलं होतं. पेढे, ओवाळणी, आईचं "किती काळवंडलीस". आजी तिच्या जागेवर होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं, माझा हात उलटा-सुलटा करून तळव्यावरचे घट्टे बघितले आणि विचारलं,

"मग? परीक्षेला बसू दिलं का?"

मी म्हटलं, "कुणी वय विचारलंच नाही गं."

"जेवलाय का एवढंच विचारलं असेल," आजी म्हणाली, आणि बारक्याला हाक मारून शेंगांचं सूप त्याच्या पुढ्यात सरकवलं.